रांधणारीचे ताट आणि रक्तक्षय

आश्विन महिना लागला की दवाखान्यातील गर्दीचे रूप बदलते. पावसाळ्यातील ताप-जुलाबाचे रुग्ण कमी होतात आणि 'चक्कर येते', 'दम लागतो', 'पाय गळून जातात' अशा तक्रारी घेऊन बायका येऊ लागतात. बरोबर आलेली माणसे कारणही सांगून टाकतात. ऊन लागले, उपवास सोसला नाही, कामाची दगदग झाली. ऑक्टोबरचे ऊन आपल्याकडे कडक असते हे खरे, पण प्रत्येक चक्कर उन्हाने येत नाही.

२०२३ च्या नवरात्रातील गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलले आहेत. सातव्या माळेच्या दिवशी दुपारी तालुक्यातील एका वाडीवरून एक सासूबाई सुनेला घेऊन आल्या. सुनेचे वय चौतीस, पदरी दोन मुले. सासूबाई म्हणाल्या, "डॉक्टर, हिला उपास सोसंना. कांदा लावताना वाफ्यातच बसली. एक सलाईन लावा, म्हंजे उद्या कामाला लागंल."

मी खालची पापणी ओढून पाहिली. आतला भाग लालसर दिसायला हवा, तो कागदासारखा पांढरा होता. जीभ गुळगुळीत, नखे फिकी, नाडी मिनिटाला ११६. रक्त तपासले तेव्हा हिमोग्लोबिन ६.४ ग्रॅम निघाले. गरोदर नसलेल्या प्रौढ स्त्रीचे हिमोग्लोबिन १२ च्या खाली गेले की त्याला रक्तक्षय म्हणतात आणि ८ च्या खाली गेले की तीव्र रक्तक्षय. सात दिवसांच्या उपवासाने हिमोग्लोबिन इतके खाली येत नाही. ही झीज काही महिन्यांची, कदाचित काही वर्षांची होती. नवरात्रात ती फक्त उघडी पडली.

सलाईनची बाटली म्हणजे मिठाचे किंवा साखरेचे पाणी. त्याने रक्त वाढत नाही. ते मी दोघींना समजावून सांगितले आणि सुनेला विचारले, "नवरात्र सोडा. एरवी दिवसभरात काय खाता?"

तिने सांगितलेला दिवस असा. पहाटे चहा. सगळ्यांच्या भाकरी, डबे, मग पुन्हा चहा. शेतावर जायच्या आधी जमले तर चतकोर भाकरी. दुपारी घरच्यांची जेवणे झाल्यावर उरलेली भाकरी, ठेचा आणि आमटीचे वरचे पाणी. "आमटी नाही?" असे मी विचारले. ती म्हणाली, "डाळ खाली बसती, ती पोरांच्या वाटीत जाती." रात्री तेच. मटण केले तर तिच्या वाट्याला रस्सा.

घरात अन्नाची टंचाई नव्हती. मूग आला होता, बाजरी घरात येऊन पडली होती, म्हैस दुभती होती. जे शिजत होते ते शिजवणारीपर्यंत पोचत नव्हते, एवढेच.

बाईला लोह जास्त का लागते?

रक्तातील लाल रंगद्रव्य तयार व्हायला लोह लागते. हे रंगद्रव्य फुप्फुसातून प्राणवायू उचलून साऱ्या शरीराला पोचवते. ते कमी झाले की हृदयाला जोरात धावावे लागते, म्हणून छातीत धडधडते आणि चढ चढताना दम लागतो. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशीप्रमाणे प्रौढ पुरुषाला दिवसाला १९ मिलिग्रॅम लोह आहारातून मिळायला हवे, तर स्त्रीला २९ मिलिग्रॅम. मासिक पाळीत दरमहा रक्त जाते, बाळंतपणात आणखी जाते. म्हणजे ज्या व्यक्तीची गरज घरात सर्वात मोठी, तीच सर्वात शेवटी आणि सर्वात कमी जेवते.

ही एका वाडीची कथा नाही. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या शंभरातील सुमारे ५४ स्त्रियांना रक्तक्षय आढळला.

आपल्या कणगीत काय आहे?

पारनेर हा कमी पावसाचा तालुका. भाताची चैन आपल्याला नाही, पण जी पिके इथे येतात ती रक्ताच्या दृष्टीने उत्तम आहेत. शंभर ग्रॅम बाजरीत सुमारे ६ ते ८ मिलिग्रॅम लोह असते. ज्वारीत त्याच्या निम्म्याच्या आसपास, पांढऱ्या तांदळात एक मिलिग्रॅमही नाही. बाजरीच्या दोन चांगल्या भाकरींतून दहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह पोटात जाते. हुलगा आणि मटकी यांत ते बाजरीइतके किंवा थोडे जास्तच असते. थंडी पडू लागली की आपल्याकडे हुलग्याची शेंगोळी होतात. ती गरिबाची म्हणून कमी लेखू नका.

राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संस्थेच्या साथीने २०१२ मध्ये 'धनशक्ती' हा जास्त लोहाचा बाजरीचा वाण महाराष्ट्रासाठी दिला. अशा जास्त लोहाच्या बाजरीची भाकरी १२ ते १६ वर्षांच्या २४६ मुलामुलींवर सहा महिने पारखली गेली. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्या मुलांच्या शरीरात लोहाची कमतरता होती, त्यांची कमतरता साध्या बाजरीपेक्षा या बाजरीने अधिक प्रमाणात भरून निघाली. भाकरीत ताकद आहे हे आपले वाडवडील सांगत आले, ते प्रयोगातही उतरले.

मात्र धान्य-कडधान्यातील लोह शरीर सहजासहजी घेत नाही. दहा भाग खाल्ले तर जेमतेम एक भाग रक्तापर्यंत पोचतो. तो वाढवायचा उपाय स्वयंपाकघरातच आहे. जेवताना लिंबू पिळा, आवळा किंवा पेरू खा. आंबटातील 'क' जीवनसत्त्वाने लोह जास्त शोषले जाते. मटकी-हुलग्याला मोड आणा. याउलट चहाने लोह अडते. जेवणाबरोबर किंवा जेवण झाल्या झाल्या घेतलेला चहा जेवणातील लोह वाया घालवतो. चहा सोडा असे मी म्हणत नाही, मीही सोडलेला नाही. जेवण आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवा.

एक गैरसमजही दूर करतो. बीट लाल असते म्हणून त्याने रक्त वाढते, असे अनेकांना वाटते. बीट खावे, पण त्यात लोह बाजरीपेक्षा कितीतरी कमी. रंगावरून रक्त ठरत नाही.

उपवास आणि फराळ

श्रद्धेच्या आड यायचा माझा हेतू नाही. परंतु नऊ दिवस साबुदाणा, तळलेले पदार्थ आणि पाच-सहा कप चहा यावर राहून शेतात राबणे शरीराला परवडत नाही. साबुदाण्यात पिष्ट सोडून फारसे काही नसते, लोह तर नावालाच. त्याऐवजी राजगिऱ्याची भाकरी, शेंगदाण्याची आमटी, दूध, भोपळा, रताळे आणि एखादे फळ घ्यावे. राजगिऱ्यात लोह भरपूर असते. जिचे हिमोग्लोबिन कमी आहे, जी गरोदर किंवा अंगावर पाजणारी आहे, जिला मधुमेहाच्या गोळ्या चालू आहेत, तिने उठता-बसता उपवास करावा किंवा त्या वर्षी घरातील दुसऱ्या कोणी तो धरावा.

दसरा सरला की दिवाळीची कामे निघतात. घर सारवणे, धुणी, भाजणी, चकल्या, करंज्या. त्या आठ-दहा दिवसांत घरातील बाई दिवसभर कढईपुढे असते, अधूनमधून चिवडा तोंडात टाकते आणि ताट वाढून घेऊन जेवतच नाही. 'पोट भरलंय' असे तिला स्वतःलाही वाटत राहते. भाऊबीज झाल्यावर आमच्याकडे या तक्रारींची दुसरी लाट येते.

दिव्याखाली अंधार

हे सगळे लिहिण्याचा अधिकार मला आहे का, असे कोणी विचारील. म्हणून घरचेही सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लहानशा शस्त्रक्रियेआधी आमच्या सौभाग्यवतींचे रक्त तपासले, तर हिमोग्लोबिन ८.९. रोज दवाखान्यात परक्या बायकांच्या पापण्या ओढून पाहणाऱ्या मी पंचवीस वर्षांत घरच्या माणसाची पापणी पाहिली नव्हती. मी रात्री दवाखाना बंद करून येईपर्यंत त्या थांबत, मला वाढत, मग उरलेले खात. मला ते प्रेम वाटे. त्याची किंमत काय, हे त्या कागदावरील आकड्याने सांगितले. तेव्हापासून आमच्याकडे ताटे एकदम वाढली जातात. मला उशीर झाला तर माझे ताट झाकून ठेवले जाते आणि बाकीचे जेवून घेतात.

काय करावे?

१) घरातील प्रत्येक बाईचे आणि वयात आलेल्या मुलीचे हिमोग्लोबिन वर्षातून एकदा तपासावे. ही साधी तपासणी सरकारी दवाखान्यातही होते.

२) थकवा, धडधड, चढावर दम, माती-खडू-कच्चे तांदूळ खावेसे वाटणे ही लक्षणे अंगावर काढू नयेत.

३) हिमोग्लोबिन कमी असेल तर नुसत्या आहाराने ते भरून येत नाही. लोहाच्या गोळ्या लागतात. त्या लिंबूपाण्याबरोबर घ्याव्यात, चहा, दूध किंवा कॅल्शियमच्या गोळीबरोबर नाही. शौचास काळे होते, त्याला घाबरू नये. मळमळले तर गोळी सोडू नये, डॉक्टरांना सांगावे. आकडा सुधारल्यावरही साठा भरण्यासाठी त्या आणखी तीन महिने घ्याव्या लागतात.

४) रक्त कोठून जाते ते शोधावे. पाळीत जास्त जाणे, मूळव्याध, पोटातील जंत ही नेहमीची कारणे. शेतात अनवाणी चालल्याने अंकुशकृमी पायाच्या कातडीतून शिरतात आणि आतड्यात रक्त पितात. पुरुषाचे किंवा पाळी थांबलेल्या बाईचे रक्त कमी झाले तर तपासणी टाळूच नये. आतड्यातील एखादा गंभीर आजार त्यामागे असू शकतो.

५) सर्वांनी बरोबर जेवावे. ते जमत नसेल तर आमटी ढवळून आधी सर्वांच्या वाट्या भराव्यात, रांधणारीचीही, आणि मग पंगत बसावी.

त्या सुनेची पुढची हकिकत सांगून थांबतो. विश्वासात घेऊन विचारल्यावर कळले की वर्षभर तिची पाळी आठ-आठ दिवस चालत होती. ही गोष्ट तिने कोणालाच सांगितली नव्हती. तिला रुग्णालयात पाठवले. तिथे पाळीवर उपचार झाले, शिरेतून लोहाची इंजेक्शने दिली गेली, पुढे गोळ्या चालू ठेवल्या. त्या दिवशी माझ्यासमोर सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आमाला आमच्या सासूनं कवा वेळंवर ताट दिलं न्हाई. आमाला वाटलं, असंच असतं."

संक्रांतीच्या सुमारास दोघी पुन्हा आल्या. हिमोग्लोबिन ११.२ होते. सुनेला विचारले, "आता जेवता ना वेळेवर?" उत्तर सासूबाईंनीच दिले, "म्या आधी हिची वाटी भरती, मंग पोरांची."

आज रात्री जेवायला बसाल तेव्हा स्वयंपाकघरात एकदा डोकावून पाहा. रांधणाऱ्या बाईचे ताट वाढलेले आहे का आणि तिच्या वाटीत डाळ आहे का, एवढे पाहा. नसेल तर आधी ते वाढा, मग घास घ्या.