मेजाखालची कुत्री आणि दारातील लाजर

शास्त्रवाचन : २ शमुवेल १२:१-६, नीतिसूत्रे १२:१०, मार्क ७:२४-३०, लूक १६:१९-३१

आमच्या मंडळीच्या कार्यकारी समितीच्या एका सभेत मंदिराच्या आवारातील कुत्र्यांचा विषय निघाला. एका पिवळसर कुत्रीने घंटेच्या खोलीमागे पिले घातली होती, आणि संडेस्कूलला येणाऱ्या एका लहान मुलीच्या पोटरीला तिने दात लावले होते. मुलीला लस टोचण्यात आली व प्रभुकृपेने ती सुखरूप आहे. परंतु तिचे आईवडील संतापले होते आणि त्यांचा संताप रास्त होता. एका सभासदाने सुचविले की, भाकरीत काहीतरी कालवून हा प्रश्न एका रात्रीत मिटवावा. दुसऱ्याने त्यातल्या त्यात दयेचा मार्ग काढला : पोत्यात भरून शहराबाहेर सोडून यावे. मी आक्षेप घेतला तेव्हा एक वयोवृद्ध वडील शांतपणे म्हणाले, "पवित्र शास्त्रात कुत्र्याविषयी एक तरी चांगला शब्द दाखवा, मग बोलू." मला एकही वचन आठवले नाही. घरी येऊन मी शब्दसूची काढून बसलो. त्या बैठकीतून जे हाती लागले ते वाचकांपुढे ठेवीत आहे.

प्रथम हे कबूल केले पाहिजे की, वडिलांचे म्हणणे बहुतांशी खरे आहे. शास्त्रात कुत्रा हा शब्द बहुधा शिवीसारखा येतो. काठी घेऊन आलेल्या दाविदाला पाहून गल्याथ तोच शब्द वापरतो (१ शमुवेल १७:४३), आणि पांगळा मफीबोशेथ राजापुढे स्वतःला मेलेल्या कुत्र्याची उपमा देतो (२ शमुवेल ९:८). ईजबेलीचा शेवट आपणांस ठाऊकच आहे. स्तोत्रकर्त्याला वेढणारे शत्रू, यशयाच्या काळचे आळशी पहारेकरी, फिलिप्पै येथील खोटे शिक्षक, नव्या यरुशलेमेच्या वेशीबाहेर राहिलेले लोक, या सर्वांना हेच नाव मिळते. याचे कारण शोधण्यास फार लांब जावयास नको. पॅलेस्टाइनमधील गावकुत्रा आपल्याकडील गावकुत्र्यासारखाच होता : उकिरड्यावर जगणारा, मृत मांस खाणारा, रात्री टोळीने हिंडणारा. नियमशास्त्राने जे अशुद्ध ठरविले तेच तो खाई. मात्र ही सर्व वचने नीट वाचली म्हणजे ध्यानात येते की, त्यांतील दोष कुत्र्याला लावलेला नाही, मनुष्याला लावलेला आहे. कुत्रा तेथे केवळ उपमान आहे. उपमानावर सूड उगविण्याची आज्ञा शास्त्रात कोठेही नाही.

उलट, थोडे शोधले तर दुसऱ्या बाजूचीही वचने सापडतात. रानात फाडून टाकलेल्या जनावराचे मांस इस्राएलाने खाऊ नये, ते कुत्र्यांना घालावे, असा नियम आहे (निर्गम २२:३१). म्हणजे वस्तीतील कुत्र्याचा वाटा नियमशास्त्राच्या नजरेतून सुटलेला नाही. ईयोब आपल्या कळपाच्या राखणदार कुत्र्यांचा उल्लेख करतो (ईयोब ३०:१). आपल्या रोमन कॅथोलिक बांधवांच्या बायबलमध्ये असलेल्या तोबीतच्या पुस्तकात तर तरुण तोबीया देवदूताबरोबर प्रवासास निघतो तेव्हा घरचा कुत्रा त्यांच्यामागे निघतो, आणि परतीच्या वाटेवरही तो बरोबर असतो. कथेत त्याला काहीही काम नाही. तो केवळ सोबत चालतो. मला ते फार आवडते.

पण प्राणी घरी पाळण्याविषयीचा शास्त्रातील सर्वांत कोमल उतारा कुत्र्याविषयी नाही, कोकराविषयी आहे. नाथान संदेष्टा दाविदाला एका गरीब मनुष्याची गोष्ट सांगतो. त्याच्याजवळ एकच मेंढी होती. ती त्याच्या मुलाबाळांबरोबर वाढली, त्याच्या घासातला घास खाई, त्याच्या पेल्यातून पिई आणि त्याच्या उराशी निजे. ती त्याला मुलीसारखी होती. आता विचार करा : नाथानाला राजाच्या अंतःकरणाला हात घालायचा होता, आणि त्यासाठी त्याने ही गोष्ट निवडली. मुक्या प्राण्यावर इतकी माया करणारा तो मनुष्य हास्यास्पद आहे, असे नाथानाला वाटले नाही. दाविदालाही वाटले नाही, तो क्रोधाने पेटून उठला. आज कोणी रस्त्यावरचे पिलू घरी आणून वाढविले तर आपण हसतो, "पोरे नाहीत का घरात?" म्हणतो.

सुरफुनीकी स्त्रीचा प्रसंग तर या विषयावर नेहमी पुढे केला जातो. तेथे प्रभूच्या तोंडी आलेला मूळ ग्रीक शब्द 'कुनारियोन' असा आहे. उकिरड्यावरच्या कुत्र्यासाठी वेगळा शब्द होता; हा लघुत्वदर्शक शब्द घरात वावरणाऱ्या लहान कुत्र्यांना लावीत. त्या स्त्रीने तोच धागा पकडला. मुलांच्या हातून पडलेला चुरा मेजाखालची कुत्री खातात, हे तिने प्रभूला सांगितले, आणि तिचे म्हणणे मान्य झाले. या संवादाचा विषय परराष्ट्रीयांचे तारण हा आहे, कुत्रे पाळणे नव्हे. एवढे तारतम्य आपण ठेवू. परंतु तो दृष्टांत समजण्यासाठी ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे मुले जेवत आहेत आणि मेजाखाली कुत्री बसली आहेत असे घर असावे लागते. ते चित्र प्रभूने अमंगळ मानले नाही.

लाजराच्या दृष्टांतातील कुत्र्यांविषयी टीकाकारांत एकमत नाही. त्याचे फोड चाटण्यास कुत्री येत, ही त्याच्या दुर्दशेची परिसीमा होय असे काही म्हणतात. इतरांच्या मते ज्या दारातून एकाही माणसाचा हात बाहेर आला नाही, त्या दारात फक्त कुत्रीच जवळ आली. मला दुसरा अर्थ अधिक पटतो, तरी पहिल्याला मी चूक म्हणणार नाही. मात्र येथे एक व्यावहारिक सूचना केलीच पाहिजे : उघड्या जखमेवर कुत्र्याने चाटणे हे आजच्या वैद्यकशास्त्रानुसार गंभीर चाव्याइतकेच धोक्याचे समजतात. ज्या कुत्र्याला लस दिलेली नाही त्याच्या लाळेतून रेबीजचा विषाणू जखमेत शिरू शकतो, आणि या रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो.

म्हणून केवळ मायेने हा प्रश्न सुटत नाही. नीतिसूत्रे १२:१० मध्ये नीतिमान आपल्या पशूच्या जिवाविषयी काय करतो हे सांगताना मूळ इब्री क्रियापद 'जाणणे' हे आहे. तो पशूचा जीव जाणतो. त्याला काय हवे, तो का चावतो, त्याची वीण कशी वाढते, हे जाणणे त्या नीतिमत्त्वात येते. या जाणण्याचे एक उत्तम उदाहरण आपल्याच देशात, राजस्थानातील जयपूर शहरात घडले आहे.

क्रिस्टल रॉजर्स नावाच्या इंग्रज बाईंनी दिल्लीत अनेक वर्षे जखमी जनावरांची सेवा केल्यावर १९८० साली जयपुरात 'हेल्प इन सफरिंग' ही संस्था सुरू केली. शहराच्या दुर्गापुरा भागात महाराणी फार्म येथे तिचा आश्रय व दवाखाना आहे. पुढे उतारवयात त्या बंगलोरला गेल्या, तेथे १९९१ साली आणखी एक प्राणिसेवी संस्था काढली, आणि १९९६ साली निवर्तल्या. जयपूरच्या कामाची धुरा ऑस्ट्रेलियाच्या क्रिस्टीन टाउनएंड यांनी सांभाळली, आणि पुढे जॅक रीस हे ब्रिटिश पशुवैद्य तेथे अनेक वर्षे राबले.

त्या काळी रस्त्यावरच्या कुत्र्यांवर आपल्या शहरांना एकच उपाय ठाऊक होता, तो म्हणजे मारणे. हा उपाय जुना आहे. मुंबईत १८३२ साली सरकारी हुकुमाने कुत्री मारण्यास आरंभ झाला तेव्हा पारशी समाजाने चिडून उठाव केला होता. दया सोडून निव्वळ हिशेब पाहिला तरी हा उपाय फसतो. कुत्री मारली तरी उकिरडा तसाच राहतो. मोकळ्या झालेल्या जागेत शेजारची कुत्री शिरतात, उरलेल्यांची पिले अधिक जगतात, आणि नव्या आलेल्यांना लस दिलेली नसते. जागतिक आरोग्य संघटनेनेही १९९० च्या सुमारास हेच निदान मांडले.

नोव्हेंबर १९९४ पासून जयपुरात दुसरी पद्धत सुरू झाली. गल्लीतील कुत्री न दुखवता पकडावयाची, शस्त्रक्रियेने त्यांचे प्रजनन थांबवावयाचे, रेबीजची लस टोचावयाची, आणि बरी झाल्यावर जेथून आणली त्याच गल्लीत सोडावयाची. डिसेंबर २००२ पर्यंत २४,९८६ कुत्री पकडली गेली आणि त्यांतील १९,१२९ कुत्र्यांवर शस्त्रक्रिया व लसीकरण झाले. सर्वोच्च टप्प्यावर पाहणीच्या भागातील ६५ टक्के माद्या यात आल्या होत्या. कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी घटली. आणि ज्यासाठी हे सर्व केले ते फळ असे : शहरातील मुख्य सरकारी रुग्णालयाच्या नोंदींनुसार, या भागातून येणाऱ्या रेबीजच्या मानवी रुग्णांची संख्या शून्यावर आली, तर बाहेरच्या भागांतील रुग्ण वाढले. २००६ साली ही आकडेवारी पशुवैद्यकाच्या एका नामांकित नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

२०१३ साली प्रसिद्ध झालेला त्यांचा दुसरा अभ्यास आमच्या मंडळीच्या प्रश्नाशी थेट जुळतो. कुत्र्यांचे चावे वर्षभर सारखे नसतात. विणीचा हंगाम सरला की काही आठवड्यांनी ते वाढतात, कारण आई पिलांचे रक्षण करीत असते. शस्त्रक्रिया झालेल्या कुत्रीला पिले नाहीत, म्हणून चावण्याचे ते कारणही नाही. आणि जयपुरात कार्यक्रमाच्या काळात चावे कमी झाल्याचे दिसले. आमच्या घंटेच्या खोलीमागची कुत्री दुष्ट नव्हती. ती आई होती, आणि मुलगी चेंडू घेण्यास पिलांजवळ गेली होती. यामुळे मुलीचे दुःख कमी होत नाही. परंतु कोणता उपाय करावा हे मात्र ठरते.

ज्यांना हे सारे पाश्चात्त्य चोचले वाटतात त्यांच्यासाठी थोडा इतिहास. १८२४ साली लंडनमध्ये प्राण्यांवरील क्रूरता रोखणारी पहिली मोठी संस्था स्थापन झाली, ती आर्थर ब्रूम या पाळकाच्या पुढाकाराने. गुलामांच्या मुक्तीसाठी झटणारे विल्यम विल्बरफोर्स तिच्या संस्थापकांपैकी होते. संस्थेच्या कर्जापायी ब्रूम यांना तुरुंगातही जावे लागले. मुंबईत तशीच संस्था १८७४ साली निघाली, आणि परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय हे तिचेच. आपल्या राज्यघटनेतही १९७६ साली मूलभूत कर्तव्ये घालण्यात आली, तेव्हा जिवंत प्राण्यांविषयी दया बाळगणे हे त्यांतील एक ठरले.

आता घरी कुत्रा आणण्याविषयी. ज्यांना आणावयाचा आहे त्यांनी दुकानातून हिमप्रदेशातील केसाळ जात विकत आणण्यापूर्वी आपल्या उन्हाळ्याचा विचार करावा. जयपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो, विदर्भात काही कमी नाही. गल्लीतले गावठी पिलू या हवेसाठीच घडलेले असते. ते निदान आठ आठवड्यांचे होईपर्यंत आईपासून तोडू नये. जंतांचे औषध, इतर लसी, सुमारे तीन महिन्यांनी रेबीजची लस व पुढे पशुवैद्याच्या सल्ल्याने दरवर्षी पुन्हा मात्रा, हा खर्च आधी धरावा. कुत्रा दहा-बारा वर्षे जगतो. नाताळात मुलाला खेळणे म्हणून आणलेले पिलू पुढच्या पावसाळ्यात रस्त्यावर दिसते, ही गोष्ट ख्रिस्ती घरांतही घडते, आणि मला ती पोत्यात भरून सोडण्यापेक्षा फारशी वेगळी वाटत नाही.

चावा झाला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखाना गाठावा. तिखट, चुना, हळद काहीही भरू नये. पोटात घेण्याच्या चौदा इंजेक्शनांची भीती आता बाळगण्याचे कारण नाही. ती जुनी लस भारतात कधीच बंद झाली. नवी लस दंडात चार-पाच खेपांत देतात, आणि चावा खोल असल्यास जखमेत वेगळे औषधही टोचावे लागते.

पुढच्या सभेत मी हे सारे मांडले. विष घालण्याची सूचना मागे घेण्यास शास्त्रवचनांपेक्षा कायदाच अधिक उपयोगी पडला, हे प्रामाणिकपणे सांगतो : भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ अन्वये प्राण्याला विष घालणे हा पाच वर्षांपर्यंत कैदेस पात्र गुन्हा आहे. दूर सोडून येणेही २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत बसत नाही. मात्र सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये शाळा, रुग्णालये अशा ठिकाणच्या कुत्र्यांविषयी वेगळा आदेश दिला असल्यामुळे, ज्या मंडळ्यांच्या आवारात शाळा आहे त्यांनी नगरपालिकेकडे चौकशी करूनच पाऊल उचलावे. आमच्या आवारात शाळा नाही.

पाच पिलांपैकी दोन दगावली. तीन घरी गेली. त्यांतले एक त्या वयोवृद्ध वडिलांच्या नातवाने नेले, वडिलांना न विचारता. पिवळी कुत्री शस्त्रक्रियेनंतर कानाची कड कापलेली अशी परत आली आणि आता बहुतेक वेळ फाटकाशी निजते. मुलीचे आईवडील अजून आमच्याशी मोकळेपणाने बोलत नाहीत. मुलगी मागल्या दाराने येते, आणि ते दार रविवारी पावणेनऊला तिच्यासाठी उघडून ठेवण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले आहे.