गावरस्त्यांनी कलबुर्गी ते बीदर : सायकलीच्या दीर्घ मार्गाचा शोध

कलबुर्गीहून बीदरला जाण्यास हुमनाबादवरून राष्ट्रीय महामार्ग आहे. हे अंतर सुमारे ११० किलोमीटर भरते. २०१७ साली या दोन शहरांना थेट जोडणारा लोहमार्गही पूर्ण झाला. मोटारीने वा आगगाडीने जाणाऱ्यास याहून अधिक काही शोधण्याचे कारण उरत नाही. सायकलस्वाराची स्थिती मात्र निराळी आहे. महामार्गावर त्याच्या वाट्याला केवळ रस्त्याची कड येते, आणि शेजारून जाणाऱ्या मालमोटारींमुळे तीही सुरक्षित राहत नाही. २०११ च्या जनगणनेतच कलबुर्गी शहराची लोकसंख्या पाच लाखांवर गेली होती. शहरातून बाहेर पडणारे मुख्य रस्ते वर्दळीचे झाले असून, सेडमच्या बाजूला सिमेंट कारखान्यांच्या वाहतुकीची त्यात भर पडते.

असे असताना गावागावांतून जाणारा, शंभर-दीडशे किलोमीटरचा सलग सायकल-मार्ग सापडेल काय? तो सापडतो, परंतु तयार स्थितीत सापडत नाही. लहान लहान रस्त्यांचे तुकडे जुळवून तो सिद्ध करावा लागतो. ही जुळणी कशी करावी, आणि ती करताना हाती येणारी माहिती गावाच्या उपयोगी कशी पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

रस्त्यांची घडण

मार्ग शोधण्यापूर्वी रस्त्यांची घडण समजून घेणे अगत्याचे आहे. १९४३ साली नागपूर येथे भरलेल्या मुख्य अभियंत्यांच्या परिषदेने देशातील रस्त्यांची प्रतवारी ठरविली. राष्ट्रीय महामार्ग, प्रांतिक (पुढे राज्य) महामार्ग, प्रमुख जिल्हा रस्ते, इतर जिल्हा रस्ते आणि ग्रामीण रस्ते अशी ती उतरंड होय. कडेच्या किलोमीटरच्या दगडावरूनही रस्त्याची प्रत कळते. राष्ट्रीय महामार्गाच्या दगडाचा माथा पिवळा, राज्य महामार्गाचा हिरवा, तर प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेतील रस्त्यावर नारिंगी असतो. सायकलस्वाराने पिवळा रंग टाळावा, हिरवा गरजेपुरता घ्यावा आणि नारिंगी रंगाचा माग काढावा.

ग्राम सडक योजना २५ डिसेंबर २००० रोजी सुरू झाली. सपाट प्रदेशातील पाचशे वा अधिक वस्तीच्या प्रत्येक गावास बारमाही असा एक रस्ता द्यावा, हे तिचे मूळ उद्दिष्ट होते. यातील ‘एक’ हा शब्द लक्षात ठेवण्यासारखा आहे. गाव एकदा पक्क्या रस्त्याने जोडले गेले की ते ‘जोडलेले गाव’ ठरे. परिणामी बहुतेक गावांचा चांगला रस्ता तालुक्याच्या वा बाजारपेठेच्या दिशेने जातो. शेजारच्या गावाकडे जाणारी दोन-तीन किलोमीटरची वाट मात्र मुरमाची किंवा मातीची राहते. तालुक्याचे ठिकाण मध्यभागी आणि तेथून चहूकडे किरण निघावेत, असे हे जाळे दिसते. एका तालुक्याच्या किरणाचे टोक दुसऱ्या तालुक्याच्या टोकाशी जोडणारी जी अपुरी वाट असते, तिच्यावरच दीर्घ सायकल-मार्गाची सारी भिस्त असते.

सीमाभागात ही गोष्ट अधिकच जाणवते. १ नोव्हेंबर १९५६ पूर्वी बीदर व गुलबर्गा हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. राज्यपुनर्रचनेत जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा, अहमदपूर हा भाग तेव्हाच्या मुंबई राज्यात गेला. जहीराबाद व नारायणखेडकडील भाग आंध्र प्रदेशात, म्हणजे आजच्या तेलंगणात, समाविष्ट झाला. उर्वरित भाग म्हैसूर राज्यास, आजच्या कर्नाटकास मिळाला. जी गावे एका जिल्ह्याची होती त्यांचे रस्ते तीन राज्यांच्या तीन बांधकाम खात्यांकडे गेले. त्यामुळे एका बाजूचे डांबर शिवेपर्यंत येऊन थांबते व पलीकडे खडी लागते, असा अनुभव अनेक ठिकाणी येतो. सोयरीक, आठवडी बाजार आणि गाणगापूर, माणिकनगर यांसारख्या क्षेत्रांची यात्रा यांनिमित्त होणारे लोकांचे जाणे-येणे मात्र या शिवेवर थांबले नाही. त्या जाण्या-येण्याच्या वाटा शोधणे हेच मार्गशोधकाचे काम आहे.

नकाशाचे वाचन

१७६७ साली स्थापन झालेल्या भारतीय सर्वेक्षण विभागाचे स्थलदर्शक नकाशे या कामी फार उपयुक्त ठरतात. जुन्या क्रमांकपद्धतीनुसार कलबुर्गीचा परिसर ५६ सी व बीदरचा परिसर ५६ जी या मालिकेत येतो. १ : ५०,००० प्रमाणाच्या नकाशावर दोन सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर. रस्ते व गाडीवाटा तांबड्या रंगात, पाणी निळ्या रंगात आणि समोच्च रेषा तपकिरी रंगात दाखविलेल्या असतात. रस्त्याच्या वळणांवरून दोरा फिरवून तो मोजपट्टीवर धरला की अंतर कळते. समोच्च रेषा जेथे दाटीने येतात तेथे चढ समजावा. कलबुर्गी समुद्रसपाटीपासून सुमारे साडेचारशे मीटर उंचीवर आहे. बीदर जांभ्या दगडाच्या पठारावर, त्याहून सुमारे दोनशे मीटर उंच वसले आहे. म्हणून कलबुर्गीहून निघणाऱ्याने अखेरच्या टप्प्यासाठी बळ राखून ठेवणे इष्ट होय.

मोबाइल फोनवरील नकाशा व उपग्रहचित्र यांचाही उपयोग करावा, परंतु त्यांवर सर्वस्वी विसंबू नये. फोन पुष्कळदा जवळचा रस्ता सुचवितो आणि ती वाट कोणाच्या तुरीच्या शेतात संपते. उलट, जुन्या नकाशावरील काही गाडीवाटा नांगराखाली गेल्या आहेत, तर काही कारंजा जलाशयासारख्या प्रकल्पांच्या पाण्याखाली गेल्या आहेत. जुना नकाशा वाट पूर्वी होती एवढेच सांगतो. ती आज आहे काय, याचे उत्तर गावातच मिळते.

विचारपूस करण्याची रीत

‘हा रस्ता हुलसूरला जातो ना?’ असे विचारल्यास बहुधा ‘हो’ असेच उत्तर मिळते. पाहुण्यास नकार देणे ग्रामीण माणसाच्या जिवावर येते. त्याऐवजी ‘हा रस्ता कोठे जातो?’ असे विचारावे. त्यानंतर ‘पावसाळ्यात यावरून बैलगाडी जाते काय?’, ‘मध्ये ओढा लागतो काय?’ आणि ‘त्यावर पूल आहे की फरशी?’ हे प्रश्न विचारावेत. पोस्टमन, दूध गोळा करणारा, वीजमंडळाचा कामगार, मुक्कामी गाडीचा चालक यांची माहिती सहसा खात्रीची असते. सायकलीने शाळेला जाणारी मुले तर याबाबत सर्वांत विश्वसनीय ठरतात. २००६-०७ पासून कर्नाटक शासनाने आठवीच्या विद्यार्थ्यांना मोफत सायकली देण्यास प्रारंभ केला होता. तेव्हापासून अनेक गावरस्त्यांवर सायकलीने शाळेला जाणाऱ्या मुलामुलींच्या रांगा दिसू लागल्या.

बसवकल्याण, हुलसूर, भालकी, औराद या बाजूला मराठी सर्रास समजते. कलबुर्गी, कमलापूरकडे कन्नड व दखनी उर्दू अधिक चालते. मराठी वाचकाने चार कन्नड शब्द पाठ केले तरी प्रवास सुकर होतो : ‘दारी’ म्हणजे वाट, ‘ऊरु’ म्हणजे गाव, ‘नीरु’ म्हणजे पाणी, ‘हळ्ळ’ म्हणजे ओढा. डावीकडे म्हणजे ‘एडक्के’ आणि उजवीकडे म्हणजे ‘बलक्के’. सारख्या नावांविषयी विशेष सावध असावे. बुद्रुक आणि खुर्द अशी जोडगावे या भागात पुष्कळ आहेत. बीदर जिल्ह्यातील औराद आणि निलंगा तालुक्यातील औराद शहाजानी ही तर दोन निरनिराळ्या राज्यांतील गावे होत.

एक नमुना मार्ग

उदाहरणादाखल कलबुर्गी–कमलापूर–मुडबी–बसवकल्याण–हुलसूर–भालकी–बीदर हा मार्ग घेता येईल. एकूण अंतर सुमारे १६० किलोमीटर, म्हणजे महामार्गापेक्षा सुमारे पन्नास किलोमीटर अधिक. ते दोन दिवसांत, प्रतिदिनी ऐंशीच्या आसपास, विभागावे. तांबड्या केळ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या कमलापूरपर्यंत महामार्ग जवळून जातो. तेथवर शक्य तेवढे आडगावांतून जावे, आणि महामार्गावर येणे भाग पडल्यास ते अंतर पहाटे उरकावे. कमलापूरहून उत्तरेस वळले की वर्दळ कमी होऊ लागते.

पहिला मुक्काम बसवकल्याणला करावा. कल्याणी चालुक्यांची ही राजधानी. विज्ञानेश्वराची ‘मिताक्षरा’ येथे लिहिली गेली आणि बाराव्या शतकात महात्मा बसवेश्वरांचे कार्य येथेच झाले. दुसऱ्या दिवशी हुलसूर, भालकीमार्गे जाताना महाराष्ट्राची शीव जवळ राहते. ज्यांस पुढे निलंग्याकडे जावयाचे असेल त्यांना भालकीहून औराद शहाजानीचा फाटा आहे. बीदरला पोचल्यावर किल्ला, १४७२ साली उभारलेली महमूद गावानची मदरसा आणि जमिनीखालून पाणी आणणारी जुनी ‘कारेझ’ योजना पाहण्याजोगी आहे. परतीसाठी आगगाडी आहे. सायकल गाडीत नेण्याविषयी स्थानकावर आधी चौकशी करून ठेवावी. मार्ग आखताना भालकी, हुमनाबाद यांसारखे एखादे स्थानक आवाक्यात ठेवले, म्हणजे सायकल बिघडल्यास वा प्रकृती बिघडल्यास अडचण होत नाही.

ऋतू, वारा आणि पाणी

ऑक्टोबरअखेरपासून फेब्रुवारीपर्यंतचा काळ या प्रवासास योग्य होय. पावसाळ्यात काळी माती चाकास अशी चिकटते की सायकल खांद्यावर घ्यावी लागते, आणि उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. पावसाळी वारा पश्चिमेकडून, तर हिवाळ्यात बहुधा पूर्वेच्या बाजूने वाहतो. दिशा ठरविताना याचा विचार करावा.

सुगीच्या दिवसांत डांबरी रस्त्यावर तूर, ज्वारी मळणीसाठी पसरलेली असते. तीवरून सायकल घसरते आणि शेतकऱ्याचे नुकसानही होते. म्हणून उतरून कडेने जावे. गळीत हंगामात उसाने भरलेले ट्रॅक्टर रात्री पुरेशा दिव्यांवाचून चालतात. सूर्यास्तापूर्वी मुक्काम गाठावा. वेड्या बाभळीच्या काट्यांसाठी दोन ट्यूब, पंप व पंक्चरचे साहित्य जवळ असावे. पिण्याचे पाणी प्रत्येक गावात भरून घ्यावे.

शाळांसाठी पाठ व गावासाठी नोंद

इंग्लंडमध्ये १८७८ साली सायकल-प्रवाशांची संघटना स्थापन झाली. तेथील सायकलस्वारांनीच पुढाकार घेऊन १८८६ साली रस्तेसुधारणा मंडळ उभे केले. मोटारी येण्यापूर्वी चांगल्या रस्त्यांची मागणी प्रथम सायकलस्वारांनी लावून धरली होती. या उदाहरणातून आपणासही घेण्यासारखे आहे. खड्डा, तुटलेली मोरी, बुडणारी फरशी हे सारे मोटारीतून जाणाऱ्यास क्षणभर जाणवते. सायकलस्वारास ते उतरून पाहावे लागते.

भूगोलाच्या शिक्षकांनी आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांकडून आपल्या गावापासून शेजारच्या तालुक्यातील पहिल्या गावापर्यंतच्या वाटेची नोंद करून घ्यावी. वहीत पुढील रकाने असावेत : गावाचे नाव (कन्नड व मराठी), मोजलेले अंतर, डांबर-मुरूम-माती यांपैकी पृष्ठभाग, ओढे व पूल, पाण्याचे ठिकाण, दवाखाना, वर्षातून किती दिवस वाट बंद राहते, आणि ती बंद असता लोक कोणत्या फेऱ्याने जातात. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. दोन किलोमीटरची वाट बंद झाल्याने बाळंतिणीस किंवा आजारी माणसास वीस किलोमीटरचा फेरा पडत असेल, तर तो आकडा कागदावर आल्यावाचून कोणत्याही कार्यालयास दिसत नाही.

ग्राम सडक योजनेच्या २०१९ साली मंजूर झालेल्या तिसऱ्या टप्प्यात वस्त्यांना कृषी बाजार, उच्च माध्यमिक शाळा व रुग्णालये यांच्याशी जोडणाऱ्या रस्त्यांवर भर देण्यात आला. अशा रस्त्यांची निवड करताना अधिकाऱ्यांस स्थानिक माहितीची आवश्यकता भासते. विद्यार्थ्यांनी व सायकल-प्रवाशांनी केलेल्या नोंदींची एक प्रत शाळेत व एक ग्रामपंचायतीत ठेवावी. सीमेवरील गावांनी आणखी एक प्रत शिवेपलीकडील ग्रामपंचायतीस द्यावी, कारण वाटेचा अर्धा भाग त्यांच्याकडे असतो. पावसाळा सरल्यावर, दिवाळीच्या सुटीत दरवर्षी ही वही तपासून सुधारली, तर पुढील सायकलस्वारास मार्ग आणि गावास आपल्या रस्त्याच्या मागणीचा पुरावा, दोन्ही एकाच वहीत मिळतील.