ऑपरेशन दुर्बिणीचं, राखण वर्षानुवर्षांची

प्रोस्टेटच्या कॅन्सरचं हे ऑपरेशन माझं आधी झालं, आता तुझं ठरतंय. थोरला म्हणून सांगतो, नीट ऐक.

आधी भीतीपोटी घाई करू नकोस. ब्रिटनमधल्या ‘प्रोटेक्ट’ अभ्यासात ऑपरेशन, रेडिएशन किंवा नुसती देखरेख, काहीही केलेलं असो, 15 वर्षांत या आजारानं दगावलेले शंभरात तीनच निघाले. तिथं बहुतेकांचा आजार सौम्य होता. तुझा ग्लीसन स्कोअर, म्हणजे कॅन्सर किती जोरकस याचा आकडा, किती आहे, हे आधी विचार.

रोबोटसाठी जमीन गहाण ठेवू नकोस. त्याचे हात सर्जनच हलवतो. ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनला पोट उघडून आणि रोबोटनं, दोन्ही तऱ्हा ताडून पाहिल्या. रोबोटमध्ये रक्त कमी गेलं, पण दोन वर्षांनी लघवीवरचा ताबा आणि शरीरसंबंधाची ताकद सारखीच होती. म्हणून सर्जनला विचार, “अशी किती ऑपरेशनं केलीत? वर्षानंतर किती जणांना पॅड लागतं?” खर्चापैकी सरकारच्या महात्मा फुले योजनेत काय बसतं, ते दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून समजून घे.

वारा रोखताना आवळतो तसे ओटीपोटाखालचे स्नायू आवळायचा व्यायाम आजच सुरू कर. ऑपरेशननंतर लघवीची नळी (कॅथेटर) असेपर्यंत थांब, निघाली की पुन्हा धर. लघवी ठिबकेल, खचू नकोस. बहुतेकांना वर्षभरात ताबा येतो. शरीरसंबंधाला दोन वर्षंही लागतात, काहींना पहिल्यासारखं जमत नाही. बायकोशी मोकळं बोल, डॉक्टरांना गोळ्यांचं विचार.

दुर्बिणीसाठी पाडलेली भोकं लवकर बुजतात, आतले टाके भरायला वेळ लागतो. दीड महिना खताची गोणी उचलायची नाही, ट्रॅक्टरवर बसायचं नाही, चाकणच्या गर्दीतून मोटारसायकल हाकायची नाही.

आता सगळ्यात मोठी गोष्ट. प्रोस्टेटची ग्रंथी काढल्यावर रक्ताच्या तपासणीतला पीएसएचा आकडा 0.1 च्या खाली जायला हवा. पहिली तपासणी सहा ते आठ आठवड्यांनी, मग सुरुवातीची वर्षं तीन-सहा महिन्यांनी, पुढं वर्षाला. आकडा 0.2 वर गेला आणि पुन्हा तपासूनही तसाच आला, तर आजार परतला समजायचं. पाच-दहा वर्षांनीही परततो. आकडा लहान असतानाच रेडिएशन जास्त गुण देतं. नुसत्या रक्तासाठी पुणं गाठायला नको. राजगुरुनगरातच दे, पण लॅब एकच ठेव. तारीख आणि आकडा वहीत लिही. काढलेल्या ग्रंथीचा रिपोर्ट जपून ठेव, पुढचा इलाज त्यावरही ठरतो.

दोघा भावांना झालं म्हणजे आपल्या पोरांना धोका जास्त. पंचेचाळिशी आली की पीएसएबद्दल डॉक्टरांना विचारा, असं त्यांना दोघं मिळून सांगू.