बाह्य पडद्याचे माप : लिनक्स संगणकावरील एक उपाय

तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या एका प्रशिक्षण वर्गात सातबाऱ्याचा उतारा मोठ्या पडद्यावर दाखवावयाचा होता. लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या लॅपटॉपास जुन्या व्हीजीए केबलने पडदा जोडला. चित्र उमटले, परंतु अक्षरे फुगीर व धूसर. मागील रांगांतील खातेदारांना क्षेत्राचे आकडे वाचता येईनात. पडदा १९२० गुणिले १०८० बिंदूंचा होता. संगणक मात्र १०२४ गुणिले ७६८ च्या पुढे जाण्यास राजी नव्हता.

दोष पडद्याचा नव्हता. पडदा आपल्या क्षमतेची माहिती ईडीआयडी नावाच्या टिपणात बाळगतो. हे मूळ टिपण अवघ्या १२८ बाइटांचे असते. व्हीजीए जोडणीत ते बाराव्या व पंधराव्या पिनांवाटे संगणकाकडे येते. काही केबलींत या पिना जोडलेल्याच नसतात. अशा वेळी संगणक अनोळखी पाहुण्याशी वागावे तसा बेताने वागतो. यास्तव प्रथम केबल बदलून पाहावी, हे उत्तम.

केबल बदलूनही न भागल्यास टर्मिनल उघडून 'एक्सरँडआर' ही आज्ञा द्यावी. जोडलेल्या पडद्याचे नाव, उदाहरणार्थ 'व्हीजीए-१', तीत दिसते. नंतर 'सीव्हीटी' या आज्ञेपुढे १९२०, १०८० व ६० हे आकडे लिहावेत. उत्तरादाखल 'मोडलाइन' नावाची आकड्यांची ओळ मिळते.

या ओळीचा अर्थ समजून घेणे अगत्याचे आहे. दिसणाऱ्या बिंदूंखेरीज प्रत्येक ओळीस व प्रत्येक चित्रास काही रिकामा अवकाश द्यावा लागतो. चित्रनलिकेच्या काळी इलेक्ट्रॉनांच्या झोतास परत फिरण्यासाठी तो लागे. त्यामुळे प्रत्यक्ष हिशेब २५७६ गुणिले ११२० असा होतो आणि सेकंदास सुमारे १७ कोटी ३० लक्ष बिंदू, म्हणजेच १७३ मेगाहर्ट्झ, धाडावे लागतात. एकेरी डीव्हीआय जोडणीची मर्यादा १६५ मेगाहर्ट्झ आहे. तेथे पडदा काळाच राहण्याचा संभव असतो. सपाट पडद्यांना एवढ्या अवकाशाची गरज नसते. 'सीव्हीटी' नंतर आडवी रेघ व 'आर' हे अक्षर लिहिल्यास हेच काम १३८.५ मेगाहर्ट्झमध्ये भागते.

मिळालेली ओळ, 'मोडलाइन' हा शब्द गाळून, 'एक्सरँडआर'च्या 'न्यूमोड' या पर्यायापुढे जशीच्या तशी लिहावी. 'ॲडमोड'ने ते माप पडद्याच्या नावाशी जोडावे आणि 'आउटपुट' व 'मोड' या पर्यायांनी ते लागू करावे. प्रत्येक पर्यायापूर्वी दोन आडव्या रेघा असाव्यात.

पडदा काळा झाल्यास घाबरू नये. हे बदल कायम राहत नाहीत. संगणक पुन्हा सुरू करताच पूर्वस्थिती येते. उपाय लागू पडल्यावरच या आज्ञा सत्रारंभी चालणाऱ्या फाइलीत नोंदवाव्यात. मात्र ही रीत एक्स-११ सत्रापुरती आहे. वेलँड सत्रात 'एक्सरँडआर'ने पडद्याचे माप बदलत नाही. तेथे संगणक सुरू होतानाच कर्नलला 'व्हिडिओ' या सूचनेद्वारे हवे ते माप कळवता येते.

आमच्या वर्गात तिसऱ्या आज्ञेनंतर पडदा क्षणभर काळवंडला आणि मागील रांगेतील एका वृद्ध खातेदारांनी पोटखराब्याचा आकडा मोठ्याने वाचला.