ज्या सुट्टीला नैवेद्य नाही

नोकरी लागल्यापासून तू कालनिर्णयातल्या लाल तारखा मोजत बसलीयस, असं आई फोनवर सांगत होती. मोज गं, जरूर मोज. पण त्याआधी ताईचं जरा ऐक. तारीख लाल आहे म्हणून आपल्याला सुट्टी आहे, असं होत नाही.

2026 चा सप्टेंबर काढ. गणेश चतुर्थी सोमवारी, 14 तारखेला. तुला शनिवार-रविवार मोकळे, म्हणजे सलग तीन दिवस. ऑफिसातले पुरुष लगेच कोकणाचं बोलायला लागतील. आपल्याकडे मात्र त्याच आठवड्यात महालक्ष्म्या बसतात. आपल्या परभणीत महालक्ष्म्यांच्या घरातल्या सुनेला गावाला जाऊ का म्हणून विचारायचीही सोय नसते. मुखवटे, साड्या, सोळा भाज्या, पुरणाचा घाट, सवाष्णी. मला हे सगळं मनापासून आवडतं, तुलाही आवडेल. पण त्याला विश्रांती म्हणू नकोस. उलट त्या आठवड्यासाठी एखादी सीएल, म्हणजे नैमित्तिक रजा, राखून ठेव, नाहीतर रात्री पुरण वाटून सकाळी पावणेदहाला टेबलावर हजर राहायची पाळी येते.

म्हणून मी तारखा दोन ठिकाणी लिहिते. सणांच्या वेगळ्या, आणि ज्या सुट्टीला स्वयंपाकघरात नैवेद्य नसतो त्या वेगळ्या: 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर, 25 डिसेंबर. सहल यांच्याभोवती बांधायची. त्यातही तू सरकारी नोकर. पहिल्या तिन्ही दिवशी सकाळी झेंडावंदनाला उभं राहायचं असतं, आणि ते टाळून पळू नये असं माझं स्पष्ट मत आहे. शिवाय 1 मेला परभणीचं ऊन माहीतच आहे, आणि 2026 मध्ये 15 ऑगस्ट नेमका शनिवारी आलाय. उरले 2 ऑक्टोबर आणि 25 डिसेंबर.

एक गंमत सांगते, लक्षात ठेव. 1 मे, 2 ऑक्टोबर आणि 25 डिसेंबर हे तिन्ही दिवस दरवर्षी एकाच वारी येतात. 2026 मध्ये तिन्ही शुक्रवारी, 2027 मध्ये तिन्ही शनिवारी. म्हणजे पुढच्या वर्षी पाच दिवसांचा आठवडा असलेल्यांच्या हाती यातून काही लागणार नाही. जे करायचं ते याच वर्षी. 2028 ला हे दिवस सोमवारी येतील, तेव्हा पुन्हा तीन-तीन दिवस जुळतील.

आता रजेचं. तुला वर्षाला आठ सीएल. 31 डिसेंबरला उरलेल्या बुडतात, पुढच्या वर्षात जात नाहीत. सीएलच्या मधे आलेली सुट्टी रजेत धरत नाहीत, अर्जित रजेत मात्र मधले शनिवार-रविवारही मोजले जातात. म्हणून छोट्या सहलीला सीएल वापर आणि अर्जित रजा बाळंतपण, आजारपण, घराचं काम यांसाठी साठू दे. अर्जात मुख्यालय सोडण्याची परवानगीही माग. ती ओळ पुष्कळजणी विसरतात.

2 ऑक्टोबर पितृपक्षात आहे. घरात त्या दिवशी कुणाची तिथी नसेल तर खुशाल जा, या दिवसांत गर्दीही कमी असते. तीन दिवसांत संभाजीनगर नीट बघून होतं. वेरूळ मंगळवारी बंद, अजिंठा सोमवारी बंद. तुझे शुक्रवार, शनिवार, रविवार आहेत, म्हणजे दोन्ही उघडी. पावसानंतर वेरूळच्या डोंगरावर हिरवळ असते आणि कैलास लेण्याच्या अंगणात उभं राहिलं की आपल्याच मराठवाड्यात आपण इतकी वर्षं काय करत होतो, असं वाटतं. एसटीत आपल्याला अर्धं तिकीट आहे, सासूबाईंना घेऊन गेलीस तर त्यांनाही. त्यांना न्यायचं की नाही ते तू ठरव, पण आधी विचार, आयत्या वेळी नको.

दिवाळीचं मात्र वेगळं. लक्ष्मीपूजन रविवारी 8 नोव्हेंबरला, पाडवा मंगळवारी, भाऊबीज बुधवारी 11 ला. पुढचे गुरुवार-शुक्रवार दोन सीएल टाकल्यास की 15 तारखेपर्यंत चार दिवस तुझे. त्या दिवसांत पुण्या-मुंबईकडच्या गाड्यांत पाय ठेवायला जागा नसते, कारण दिवाळीला आलेली सगळी पोरं परत निघालेली असतात. आपण उलट्या दिशेला जायचं. देवगिरी एक्सप्रेसनं सिकंदराबाद. गोवळकोंडा, चारमिनार, आणि सालारजंग संग्रहालय शनिवारी, कारण शुक्रवारी ते बंद असतं. आपले आजोबा ज्या राज्यात जन्मले त्याची राजधानी एकदा डोळ्यांनी बघून ये.

मोठी सहल डिसेंबरात. 28 ते 31 चार सीएल आणि 1 जानेवारीची नव्या वर्षाची एक, की 25 डिसेंबर ते 3 जानेवारी दहा दिवस सलग होतात. एवढ्या सलग रजेला साहेबांची लेखी मान्यता आधी घे, आणि तुझ्या टेबलाचं काम कोण बघेल त्याचं नावही अर्जातच दे. उत्तरेकडे जाऊ नका, धुक्यानं तिकडच्या गाड्या तासन् तास रखडतात. नांदेड-पनवेल गाडी गंगाखेड, परळी, लातूरवरून जाते, तिनं पनवेल गाठून पुढे रत्नागिरीकडे उतरा. तुम्ही दोघांनी लग्नानंतर समुद्र पाहिलेलाच नाही.

रेल्वेचं आरक्षण आता 60 दिवस आधी उघडतं, पूर्वीसारखं 120 नाही. 24 डिसेंबरच्या रात्री निघायचं तर 25 ऑक्टोबरला सकाळी आठ वाजता मोबाईल हातात हवा. रविवारच आहे तो. पण त्याआधी, दसऱ्याच्या आत, घरी सगळ्यांसमोर तारखा सांगून टाक. नवऱ्याला पुढे करू नकोस, तूच सांग. रजा तुझी आहे.