गोल्डफिशचं पाणी : पैसे कशावर घालावेत, कशावर नाही

गोल्डफिशची जोडी शंभर-दोनशे रुपयांत मिळते, म्हणून हा छंद स्वस्त वाटतो. खरा खर्च पाण्याचा आहे. तो सुरुवातीलाच नीट केला तर मासा दहा वर्षंही जगतो. टाळला तर महिन्याभरात मासा आणि औषधांचे पैसे दोन्ही जातात.

नळाला येतं ते पाणी

उल्हासनगरला एमआयडीसीकडून बारवी धरणाचं पाणी मिळतं. अंबरनाथ-बदलापूरला मुख्यतः महाराष्ट्र जीवन प्राधिकरण पाणी देतं. ते उल्हास नदीवरच्या बदलापूर बॅरेजमधून उचललं जातं. अंबरनाथच्या काही भागांना चिखलोली धरणाचं पाणी येतं. स्रोत कुठलाही असो, पिण्यासाठी शुद्ध केलेल्या पाण्यात क्लोरीन असतं आणि ते माशाचे कल्ले जाळतं. गच्चीवरच्या टाकीत ते थोडं उडून जातं, पण त्या भरवशावर राहू नका. सोसायटीची टाकी ब्लीचिंग पावडरने धुतली असेल त्या दिवशी तर ते पाणी मुळीच घेऊ नका.

क्लोरीन घालवायला सोडियम थायोसल्फेटचे खडे घ्या. माशांच्या दुकानात ते सुटे मिळतात, अर्धा किलो साधारण 100 ते 200 रुपयांना. 10 ग्रॅम खडे एक लिटर पाण्यात विरघळवून बाटली भरून ठेवा आणि 10 लिटरच्या बादलीला त्यातलं 10 मिली घाला. बादलीमागे पाच पैसेही पडत नाहीत. आरोग्य कर्मचारी पाणी तपासायला वापरतात ते ओटी द्रावण घरी ठेवा. बादलीतलं थोडं पाणी वेगळ्या नळीत घेऊन त्यात थेंब टाका. पिवळं झालं तर क्लोरीन उरलं आहे, आणखी 10 मिली घाला. तपासलेलं पाणी फेकून द्या.

पावसाळ्यात पाणी गढूळ आलं तरी तुरटी फिरवलेलं पाणी माशांच्या टाकीत घालू नका, तुरटीने पाण्याची आम्लता वाढते. आरओचं पाणीही नको, त्यात क्षार उरत नाहीत. बोअरचं किंवा टँकरचं पाणी तपासल्याशिवाय वापरू नका.

सुरुवातीचा खर्च (दोन माशांसाठी)

भाव दुकानागणिक बदलतात, हे आकडे अंदाज म्हणून धरा.

- काचेची टाकी, 30 × 15 × 18 इंच (सुमारे 130 लिटर) : 2500 ते 4000 रुपये
- मजबूत स्टँड. पाण्यासकट वजन दीडशे किलोच्या आसपास जातं : 1500 ते 2500
- टॉप फिल्टर : 700 ते 1500
- बॅटरीवरही चालणारा एअर पंप : 600 ते 1000
- तळ साफ करायची सायफन नळी : 150 ते 250
- अमोनिया व नायट्राइट तपासणीचे संच : 600 ते 1200
- थायोसल्फेट व ओटी द्रावण : 200 ते 350

एकूण साधारण सव्वासहा ते अकरा हजार. कात्री लावायचीच असेल तर रंगीत खडे, प्लास्टिकची झाडं आणि दिव्यांवर लावा. गोल बाऊल घेऊच नका. एवढ्याशा पाण्यात माशाची घाण दोन दिवसांत विषारी पातळी गाठते. संच घेताना तो अमोनिया मोजतो का, हे विचारा. बऱ्याच कागदी पट्ट्या अमोनिया मोजतच नाहीत.

पैशाने न मिळणारी गोष्ट

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया सोडतो. फिल्टरच्या स्पंजात वाढणारे जीवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. पहिले दोन्ही विषारी, नायट्रेट बरंच कमी घातक. हे जीवाणू जमायला चार ते सहा आठवडे लागतात. म्हणून टाकी लावा, फिल्टर चालू करा, रोज चिमूटभर खाद्य टाका आणि थांबा. अमोनिया व नायट्राइट आधी वाढून मग दोन्ही शून्यावर आले की मासे आणा. ओळखीतल्या कोणाच्या निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ निम्म्यावर येतो, तोही फुकट. स्पंज नळाखाली कधीच धुऊ नका, टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळा.

दरमहा खर्च

फिल्टर आणि पंप मिळून 20 वॅट धरले तर महिन्याला सुमारे 14 युनिट, म्हणजे 115 ते 145 रुपये. खाद्य शंभरेक, तपासणी पन्नासेक. सगळं मिळून तीनशे रुपये. दर आठवड्याला तीसेक लिटर पाणी बदला. पाणीपुरवठा बंद राहणार असेल तर बादल्या आदल्या दिवशीच भरा. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला.

एप्रिल-मेमध्ये बदलापूरचा पारा चाळिशीला टेकतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. टाकी खिडकीपासून लांब ठेवा, एअर पंप चालू ठेवा आणि खाद्य निम्मं करा. वीज गेली की बॅटरीचा पंप तेव्हाच कामी येतो.

मासा वर येऊन तोंड उघडझाप करत असेल तर

औषध आणायला धावू नका. आधी अमोनिया तपासा, क्लोरीन काढलेल्या पाण्याने एक तृतीयांश पाणी बदला आणि एक दिवस खाद्य बंद ठेवा. नको झालेला मासा उल्हास नदीत किंवा तलावात सोडू नका, तो तिथल्या माशांच्या मुळावर येतो. फिल्टर, पंप घेताना पक्कं बिल आणि वॉरंटी मागून घ्या. दुकानदाराने टोलवाटोलवी केली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915 आहे. टाकी आज घ्या, मासे दीड महिन्याने घ्या.