घराचा ताबा : घाई नव्हे, पूर्वतयारी

अलिबाग, रेवदंडा, मुरूड, श्रीवर्धन या रायगडच्या किनारपट्टीवरील अनेक घरांचे मालक नोकरी-व्यवसायानिमित्त मुंबईत राहतात व गावचे घर भाड्याने देतात. निवृत्तीनंतर मालक परततो आणि ताब्याचा प्रश्न उभा राहतो. एकाला स्वतःचे घर हवे असते. दुसऱ्याचा संसार तेथेच मांडलेला असतो. अशा वेळी उतावीळपणे घराला कुलूप ठोकणे किंवा वीज-पाणी तोडणे बेकायदेशीर आहे. त्यामुळे मालकच अडचणीत येतो व ताबा अधिक लांबतो.

कायदा कोणता?

३१ मार्च २००० पासून अमलात आलेला महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ आपल्या गावास लागू आहे काय, हे प्रथम पाहावे. घर नारळी-पोफळीच्या वाडीत असल्यास राहणारा केवळ भाडेकरू आहे की वाडी कसणारे कूळ, हेही तपासावे. कुळाचे प्रकरण १९४८ च्या कुळवहिवाट कायद्याखाली तहसीलदारांपुढे चालते. भाडेकरूवरील दावा दिवाणी न्यायालयात. ठिकाण चुकले की वर्षे वाया जातात.

नोटीस व दावा

भाडे थकल्यास लेखी मागणी करावी व नोटिशीची पोच जपून ठेवावी. त्यानंतर ९० दिवस उलटल्याखेरीज दावा लावता येत नाही. समन्स मिळाल्यापासून ९० दिवसांत भाडेकरूने थकबाकी, १५ टक्के सरळ व्याज व दाव्याचा खर्च भरला आणि पुढेही भाडे नियमित दिले, तर ताब्याचा हुकूमनामा होत नाही.

स्वतःच्या गरजेसाठी घर मागताना ती गरज खरी असल्याचे सिद्ध करावे लागते. अधिक हाल कोणाचे होतील, याचाही विचार न्यायालय करते. ताबा मिळाल्यावर महिन्याभरात घर वापरात न घेतल्यास किंवा वर्षाच्या आत पुन्हा भाड्याने दिल्यास जुना भाडेकरू ताबा परत मागू शकतो. पर्यटकांसाठी घर मोकळे करू पाहणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

करारातच सुरक्षितता

करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे. ही जबाबदारी मालकाची असून, त्यात कसूर केल्यास शिक्षेची तरतूद आहे. राहण्यासाठी लिव्ह अँड लायसन्स करारावर दिलेल्या घराची मुदत संपल्यास सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो.

भाडेपावती, करार व नोटिशीची पोच ही तीन कागदपत्रे नीट सांभाळल्यास मालकाचा हक्क राहतो आणि भाडेकरूवरही अन्याय होत नाही.